न मागितलेलं पान

जपानमधल्या शिंजी तलावाकाठच्या मच्छीमार सोसायटीत सगळा कारभार अजून फॅक्सवर चालायचा, आणि कादोवाकी नात्सुएला त्याचा मनस्वी वैताग यायचा. ती मात्सुए शहरातल्या एका कंपनीत वेब प्रोग्रामर होती. सोसायटीसाठी तिने झकास वेब पान बनवलं होतं: वारा कुठला, पाणी किती, शिजिमी शिंपल्या किती काढायच्या. पण बघणार कोण? तिचे एकाहत्तर वर्षांचे बाबा, तोकुजी, फोनला हात लावायला तयार नव्हते.

"ओल्या हातांनी कसल्या टिचक्या मारायच्या? कागद दे, वाचतो की!"

वाचतात कसले! गेल्या वर्षी वाऱ्याचा इशारा भिंतीवर लावलेला असताना हे आपले एकटेच होडी घेऊन गेले. कसेबसे परतले. तेव्हापासून नात्सुएच्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून तिने एक युक्ती केली. वेबचं पान एरवी कुणी मागितलं तरच तयार होतं. कुणीतरी बटण दाबतं, कंट्रोलर नावाचा कोडचा भाग ती मागणी घेतो, साच्यात माहिती भरतो आणि पान पाठवतो. नात्सुएने कंट्रोलरला बाजूला ठेवलं आणि तोच साचा रोज पहाटे साडेपाचला आपोआप भरायला लावला. तयार पान थेट सोसायटीच्या फॅक्सवर. तळाशी 'पाहणारा' असा रकाना होता, कारण सोसायटीला प्रत्येक कागदावर कुणाचं तरी नाव लागायचंच. वेबवर तिथे लॉगिन केलेल्या माणसाचं नाव यायचं. इथे मागणारंच कुणी नाही, तर रकाना कोरा राहील अशी तिने सोय केली. चारदा तपासलं. चारही वेळा कोरा.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी सेनोओबाईंचा फोन आला.

"नात्सुएचान, ही इवातानी हात्सुनो कोण गं? रोज तळाला तिचं नाव येतंय."

नात्सुएने सभासदांची यादी चाळली. असं नाव नव्हतं. कोडमध्ये शोधलं, तिथेही नाही. सर्व्हरच्या नोंदीत पान साडेपाचला बनलेलं होतं आणि तिच्या पडद्यावर तेच पान उघडलं तर रकाना कोरा. छे! असं कसं होईल? शेवटी कंटाळून तिने साच्यातून तो रकानाच काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी फॅक्सवर रकाना होता. नावही होतं.

"मला बाई आता त्या यंत्राजवळ एकटीला बसवत नाही," सेनोओबाई म्हणाल्या.

शुक्रवारी नात्सुए स्वतः पहाटे पाचला सोसायटीत सेनोओबाईंसोबत जाऊन बसली. जूनचा स्वच्छ उजेड पसरला होता. पाणी निवांत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. बाबा खांद्यावर शिंपल्या काढायचं लांब दांड्याचं दाताळं घेऊन दारात उभे होते. बाकीचे धक्क्यावर होड्या सोडत होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी यंत्र खडखडलं. ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी.

वारा: पश्चिमेचा. आणि त्याखाली: तोकुजी, जाऊ नकोस.

असं वाक्य साच्यात नव्हतंच. नात्सुएने ते मोठ्याने वाचलं.

"काय गं, तुझं यंत्र मला अरे-तुरे करायला लागलं?" बाबांनी हसत कागद ओढून घेतला. नजर तळाच्या नावावर गेली आणि त्यांचं हसू मावळलं.

त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं.

"सगळ्यांना परत बोलाव," ते सेनोओबाईंना म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

सहाला वारा आला.

तलाव पांढरा झाला. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळत होत्या, पण एकीतही माणूस नव्हता.

तासाभराने सगळं शांत झालं. नात्सुए बाबांची बाही धरून रडत होती. "माझं कधी ऐकलं नाहीत तुम्ही. तिचं कसं ऐकलंत?"

"एकदा नव्हतं ऐकलं." बाबा पाण्याकडे बघत होते. "विशीत होतो. हात्सुनोमावशी रोज धक्क्यावर उभी राहायची, वारा बघायची आणि ओरडून होड्या परत बोलवायची. त्या दिवशी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मला आणायला तीच होडी घेऊन निघाली."

"मग?"

"मी पोहत काठाला लागलो. तिची नुसती होडी सापडली."



बाबांनी पेन मागून घेतलं. कागदाच्या पाठीवर सावकाश लिहिलं: मावशी, ऐकलं. फार उपकार झाले. नात्सुएला भीती वाटायला हवी होती, पण तिचं मन नुसतं भरून आलं होतं. तिने खाली आपलं नाव लिहिलं आणि त्या कागदापुढे कमरेत वाकली.

बाबांनी कागद यंत्रात ठेवला.

"नंबर कुठला लावू?" सेनोओबाईंनी हळूच विचारलं.

"राहू दे."

यंत्राने कागद आत ओढून घेतला. थोड्या वेळाने पोचपावतीची चिठ्ठी बाहेर आली. नंबराच्या जागी काही नव्हतं. खाली छापलं होतं: एक पान. मिळालं.