वर न चढणारं दातेरी चाक

त्या सकाळी उतरतळावर (औषधांचे ड्रोन उतरतात त्या मैदानावर) एक बसून चालवायची गवतकापणी गाडी होती, अर्धं कापलेलं आणि अर्धं गुडघाभर गवत होतं, एक यंत्रमानव होता आणि दोन माणसं होती: दहा वर्षांची रेवती आणि तिचे आजोबा. चालू इंजिनं शून्य होती.

आजोबांनी किल्ली फिरवली. घूंऽऽऽ! स्टार्टर (इंजिनाला पहिला हिसका देणारी विजेची लहान मोटर) जोरात फिरला. इंजिन मात्र ढिम्म.

गवत दहा सेंटिमीटरपेक्षा उंच असलं की ड्रोनला जमीन नीट दिसत नाही, आणि मग तो उतरतच नाही. काल तो डोक्यावर घिरट्या घालून परत गेला होता. तिच्या धाकट्या भावाच्या, शार्दूलच्या शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं द्रव्य) तयार होत नाही. घरातली शेवटची मात्रा आज सकाळी त्याला टोचली होती. घाटरस्ता दुरुस्तीसाठी बंद. इन्सुलिनची नवी कुपी घेऊन ड्रोन पन्नास मिनिटांत येणार होता.

“बॅटरी उत्तम. पेट्रोल पाऊण टाकी,” खटपट्या यंत्रमानव म्हणाला. “आजोबा मात्र पाचव्यांदा किल्ली पिळताहेत. त्याने काही होणार नाही.”

“तू गप रे, डबड्या!”

“पण काल दुपारी तर गाडी लगेच सुरू झाली होती,” रेवती म्हणाली. “रात्रीत असं बदललं तरी काय?”

“तापमान,” खटपट्या म्हणाला. “काल दुपारी तीस अंश, आत्ता अकरा.”

आजोबांनी आधी बॅटरीची तार काढली, मग स्टार्टरवरचं झाकण. आत एक उभा दांडा होता आणि त्यावर एक छोटं दातेरी चाक. दांड्यावर स्क्रूसारखे तिरके आटे होते.

“हे चाक वर चढून इंजिनाच्या मोठ्या चाकात दात अडकवतं आणि त्याला फिरवतं,” आजोबा म्हणाले.

“त्याला वर कोण ढकलतं?”

“कोणीच नाही! हा बोल्ट धर. त्यावर हा नट. नट चिमटीत पकड आणि बोल्ट फिरव.”

रेवतीने फिरवला. नट सरसर वर गेला.

“आता नट सोडून फिरव.”

या वेळी नट बोल्टबरोबर नुसताच गोल फिरला. वर तसूभरही गेला नाही.

“पण आजोबा, इथे चाकाला पकडून कोण ठेवतं?”

“जडत्व (आहे त्याच स्थितीत राहण्याची वस्तूची ओढ). बस अचानक सुटली की तू मागे पडतेस ना? दांडा झटकन फिरतो, जड चाक मागे रेंगाळतं आणि त्यामुळे आट्यांवरून वर चढतं. इंजिन सुरू झालं की मोठं चाक त्याच्याहून जोरात पळतं आणि त्याला पुन्हा खाली फिरवून टाकतं.”

“म्हणजे आपलं चाक दांड्याला चिकटलंय! म्हणून ते मागे रेंगाळतच नाही.”

तिने आट्यांवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरट मेणासारखं काहीतरी लागलं. तिने वास घेतला आणि तिचे डोळे विस्फारले.

“आजोबा! हे खोबरेल तेल आहे!”

आजोबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचं सगळं आयुष्य अंतराळयानांची वंगणं (यंत्राचे भाग सहज सरकावेत म्हणून लावायचे पदार्थ) तयार करण्यात आणि शिकवण्यात गेलं होतं.

“खंडेनवमीला...” ते पुटपुटले. “सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळ्याला, कुदळीला तेलाचं बोट लावलं. मग वाटलं, या गाडीच्या आट्यांनीच का कोरडं राहावं?”

“तुम्ही?” रेवतीने तेलाचं बोट त्यांच्यासमोर धरलं.

“मीच गं. तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं, तेल पातळ होतं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे मी मुलांना शिकवलंय! मी!”

“माझ्याही कोपराला लावलं होतंत,” खटपट्या म्हणाला. “सकाळपासून हात वर जात नाहीये. मला वाटलं, वय झालं.”

रेवती हसली नाही. ड्रोनला एकतीस मिनिटं उरली होती. तिने रॉकेलने ओल्या केलेल्या फडक्याने आटा न् आटा पुसला, मग कोरड्या फडक्याने घासला.

“आता वंगण कोणतं लावायचं?”

“थिजणार नाही आणि धूळही धरणार नाही असं.” आजोबांनी खिशातली पेन्सिल काढली. “शिशाची पूड. यात शिसं नसतंच, असतं ग्रॅफाइट. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात.”

तिने शिसं कुटून चिमूटभर पूड आट्यांवर चोळली. आजोबांनी झाकण बसवलं, तार जोडली आणि किल्ली फिरवली.

घूं... खट्! धडधडऽऽ! तिघेही दचकले.

आजोबा गाडीवर बसले. “मंगळावर रात्री उणे सत्तर अंश असतात,” ते ओरडले. “तिथल्या यंत्रांना काय लावायचं, हे कुणीतरी नव्याने शोधायला हवं!”

“मी शोधते!” रेवतीही ओरडली. “तुम्ही आधी कापा!”

ड्रोनची शिट्टी घाटापलीकडून ऐकू आली तेव्हा गवताची शेवटची पट्टी उरली होती. तो डोक्यावर आला, थांबला, घुटमळला. आजोबांनी ती पट्टीही कापली आणि गाडी बाजूला घेतली. मग चारही पाय मातीला टेकले.

दुपारी नव्या कुपीतलं इन्सुलिन टोचून शार्दूल जेवला. दोन तासांनी त्याच्या बोटातल्या रक्ताचा थेंब मापकावर ठेवला. साखर एकशे एकतीस, म्हणजे आटोक्यात.