क्विकवर टाकलेले अकरा कपडे

दिपालीचा यात फायदा किती होता, ते आधी पाहून घेऊ.

चव्वेचाळीस मिनिटं.

बस. त्याच्यावर एक मिनिटही नाही.

घटना खरी आहे. दिपालीनं स्वतः सांगितलेली. आणि सांगताना तिनं स्वतःला कुठेच सूट दिली नाही, म्हणून तर विश्वास ठेवावा लागतो. माणूस खोटं बोलतो तेव्हा आधी स्वतःची बाजू धुऊन घेतो.

नागपूर, मानेवाड्याकडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मे महिना. रविवार, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस लागले तो दिवस. वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

घरात चार माणसं. दिपाली, तिचा नवरा साहिल, सहा वर्षांची मयुरा, आणि सासू वच्छलाबाई. वच्छलाबाईंची तीस वर्षं खापरखेड्याच्या कॉलनीत गेलेली. सासरे तिथल्या वीज केंद्रात होते. ते गेल्यावर त्या मुलाकडे आल्या आणि सोबत दोन गोष्टी घेऊन आल्या. एक पितळेचा डबा आणि दुसरं, मशीनवरचा अविश्वास.

वॉशिंग मशीन समोरून काचेच्या दाराचं. त्यावर चौदा पर्याय. डेमो द्यायला आलेल्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, रोजच्या कपड्यांना 'डेली' लावा. एकोणसाठ मिनिटं. 'क्विक' फक्त दोन-चार कपडे असले तर. त्यात पाणी एकदाच बदलते."

दिपालीनं ऐकून घेतलं आणि चार वर्षं सगळं 'क्विक'वर धुतलं. पंधरा मिनिटं.

"पंधरा मिनिटात तं तुरीची डाळ नाही शिजत वं," वच्छलाबाई म्हणायच्या. "कपडे काय निंगतीन?"

"डाळ मी कुकरमध्ये लावते आई. तीन शिट्ट्या."

"तेच तं. म्हणून कच्ची रायते."

दोघींचं असं बरं चाललं होतं. वच्छलाबाईंनी स्वतःचं लुगडं मात्र चार वर्षांत एकदाही त्या मशीनमध्ये टाकलं नाही. हातानं धुवायच्या, तीन पाण्यांतून काढायच्या.

त्या रविवारी साहिल दोन वाजता कन्हानहून आला. स्मशानघाटावर गेला होता. कॉलनीतले जुने शेजारी महादेवराव आदल्या संध्याकाळी वारले होते. एकटा माणूस. मूल ना बाळ. साहिल लहानाचा मोठा त्यांच्या ओट्यावर झालेला.

त्यानं मागच्या गॅलरीत कपडे बादलीत टाकले आणि आंघोळीला गेला.

वच्छलाबाई म्हणाल्या, "दिपाली, हे मयताचे कपडे हाय. आधी हेच धुवाचे, हातानं. घरातल्या कपड्यात मिसळाचे नाही."

"हो आई."

पाच वाजता धरमपेठेत दिपालीची बहीण हर्षा वाट पाहणार होती. साखरपुड्याची साडी घ्यायची होती. सोसायटीच्या टाकीत पाणी तळाला लागलेलं. साहिल आंघोळ करून आत झोपला. मयुरा आणि आजी कुलरसमोर आडव्या झाल्या.

दिपालीनं बादलीकडे पाहिलं.

मग घड्याळाकडे.

शर्ट, पँट, उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा. तीन कपडे. त्यांच्यावर घरातले आठ. मयुराचा पिवळा फ्रॉकही त्यातच. एकूण अकरा. दिपाली नेहमी मोजूनच टाकते, मोजे हरवतात म्हणून.

दार लावलं. 'क्विक' दाबलं.

बारा मिनिटं सगळं ठीक होतं. ती केस विंचरत होती.

मग मशीनचा आवाज बदलला...

थप्.

थोडं थांबून पुन्हा... थप्.

ड्रम फिरण्याचा आवाज नव्हता तो. नदीवर दगडावर कपडा आपटावा, तसा. सावकाश. कुणीतरी दमून दमून आपटत असावं, तसा.

ती गॅलरीत आली. मशीनच्या पडद्यावर एक मिनिट उरलेलं दिसत होतं.

दहा मिनिटं गेली. तरी एकच मिनिट.

दार उघडेना. काचेतून आत फक्त राखाडी पाणी दिसत होतं. एकही कपडा दिसत नव्हता...

मग आपोआप खट् झालं. दार सुटलं.

कपडे होते. ओले, पिळलेले. पण वास साबणाचा नव्हता. विझवलेल्या लाकडांचा होता.

तिनं एकेक काढून मोजले.

दहा.

पिवळा फ्रॉक नव्हता. ड्रममध्ये हात फिरवला. दाराचं रबर उलटून पाहिलं. खालची जाळी काढली, तर त्यात मूठभर राखाडी गाळ. बोटांना खरखरीत.

आता दुसरी कुणी असती तर बसली असती तिथेच. दिपालीनं जाळी धुतली, दहा कपडे वाळत टाकले आणि धरमपेठेत गेली. वाचवलेला वेळ वाया कसा घालवायचा?

आठला परतली तेव्हा मयुरा तापली होती. वच्छलाबाई कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या.

"ऊन लागलं असन," साहिल म्हणाला.

डॉक्टरही तेच म्हणाले. औषध दिलं. ताप उतरला नाही. सोमवार गेला. मंगळवार गेला. एकशे चार.

वच्छलाबाईंनी एकदाच विचारलं, "ते कपडे वेगळे धुतले होते ना?"

"हो. हातानं."

दिपाली खोटं बोलली. इतका वेळ गेल्यावर खरं बोलणं जास्त महाग वाटतं माणसाला.

पण रोज दुपारी साडेतीनला ती गॅलरीत जायची. पहिल्या दिवशी मशीनचा पडदा उजळलेला दिसला. एक मिनिट. तिनं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं प्लगच काढून ठेवला.

तिसऱ्या दिवशी प्लग जमिनीवर पडलेला होता... आणि पडद्यावर एक मिनिट होतं.

आतून थप्... थप्.

ती धावत हॉलमध्ये आली. मयुरा डोळे उघडून गॅलरीकडे पाहत होती.

"आजी, आबा बाहेर उभे हाय. ऊन लागून राहिलं त्यायले."

"कोणते आबा वं?"

"कॉलनीवाले. म्हणते, चाल."

महादेवराव गेले, हे मयुराला कुणीच सांगितलं नव्हतं.

वच्छलाबाईंनी पट्टी बाजूला ठेवली. सुनेकडे पाहिलं. दिपालीच्या तोंडून आपोआप निघालं, "मी एकत्रच टाकले होते आई. क्विकवर."

"पोरीचं काय होतं त्यात?"

"पिवळा फ्रॉक."

"निंगाला?"

"नाही."

वच्छलाबाई रागावल्या नाहीत. दिपालीला अजूनही सलतं ते हेच.

त्या म्हणाल्या, "दिवाळीत आला होता ना महादेवभाऊ, तवा म्हणे, दोन दिस पाठवा जी पोरीले माह्याकडं. घर खायले उठते. आपून हासलो."

त्या उठल्या. आत जाऊन लुगडं बदललं. अंगावरचं हिरवं लुगडं घडी करून आणलं आणि मशीनसमोर उकिडव्या बसल्या.

"कसं उघडते वं हे?"

दिपालीनं उघडून दिलं. वच्छलाबाईंनी लुगडं आत ठेवलं. एकच लुगडं.

"कोणतं बटन दाबलं होतं तुनं?"

"आई, नका. आपण तिघं बसून काहीतरी..."

"कोणतं?"

दिपालीनं प्लग लावला. बोट ठेवून दाखवलं.

"दाब."

"'डेली' लावते ना. निदान पाणी तरी..."

"तेच दाब म्हणतो ना मी."

मशीन सुरू झालं. वच्छलाबाईंनी काचेला हात लावला आणि हळू आवाजात बोलू लागल्या. कुलरच्या घरघरीत दिपालीला तुटक ऐकू आलं. "महादेवभाऊ..." मग, "लहान हाय जी थे..." पुढचं ऐकू आलं नाही. पण सासू हिशेब पटवत असावी, अशा सुरात बोलत होती. भाजीवाल्याशी बोलायची तशी.

या वेळी मशीन अडकलं नाही. बरोबर पंधरा मिनिटं.

खट्.

आत पिवळा फ्रॉक होता.

कोरडा.

आणि लुगडं... लुगडं नव्हतं.

संध्याकाळी मयुराला दरदरून घाम आला. ताप उतरला. सकाळी तिनं तर्री पोहे मागितले आणि दोन प्लेटी खाल्ल्या. साहिल म्हणाला, शेवटी औषध लागू पडलं.

पुढचे दिवस वच्छलाबाई नेहमीसारख्याच होत्या. फक्त, कपाटातली एकेक वस्तू काढून दिपालीला दाखवायच्या. हे मयुराचं. हे हर्षाच्या लग्नात दे. दिपाली रडली की म्हणायच्या, "लडून काय होते वं? साहिलले नको सांगू. त्याले तुह्यासोबत राहाचं हाय."

अठराव्या दिवशी जेवून कुलरसमोर आडव्या झाल्या. चार वाजता दिपाली चहा घेऊन गेली.

त्या उठल्या नाहीत.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्यांना ना बीपी होता, ना शुगर.

घाटावरून साहिल आला तेव्हा दिपालीनं त्याचे कपडे हातानं धुतले. तीन पाणी. कुणी सांगायची गरज पडली नाही.

मशीन अजून तिथेच आहे. विकायचं कसं? घेणाऱ्याच्या घरातही लेकरं असतातच. आठवण म्हणून आईचं हिरवं लुगडं हवं होतं, असं साहिल अधूनमधून म्हणतो. दिपाली म्हणते, सापडलं की देते.

मात्र कधी दुपारी साडेतीनला तिला गॅलरीतून आवाज येतो. आता एकाचा नाही...

दोघांचा. आळीपाळीनं.

ती जाऊन पाहत नाही.

कपडे साहिलचे होते, आळस दिपालीचा होता, ताप पोरीला आला. आणि भरलं त्या बाईनं, जिनं आयुष्यात त्या मशीनमध्ये एकच कपडा टाकला.