करडईच्या बांधावरची चौथी पेटी

माश्यांनी माणूस मारला, असा फोन सकाळीच ठाण्यात आला. शेत निलंग्यापासून दोन कोसांवर होतं.

फौजदार मंजुश्री भालके पोचल्या तेव्हा शिवमूर्ती बिराजदार बांधावर उताणे पडले होते. डोकं दगडावर, खाली रक्त. चार मधपेट्यांपैकी एक फुटून त्यांच्या छातीवर आली होती. चेहऱ्यावर, मानेवर माश्यांचे काटेच काटे; गालांची हाडं मात्र स्पष्ट वर आलेली. जाळीची टोपी पेट्यांशेजारच्या खुंटीला होती.

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर शिवमूर्तींनी हा छंद धरला होता. मध विकत नसत, गावात वाटत.

शेजारच्या शेताचे किशनराव बांधापलीकडे बसले होते. उजव्या हाताला दस्ती गुंडाळलेली.

"आधी तुम्हीच पाहिलं?"

"हाव. तोंडावर माश्या घेऊन ओरडून राहिले होते. पळताना पेटीला धडकले अन् पडले."

"जवळ गेलात?"

"न्हाई. माश्या लई खवळल्या होत्या. हितूनच माणसं बोलावली."

"हाताला काय झालं?"

"तुरीचं धसकट लागलं."

मंजुश्रींनी पेट्यांजवळ ठेवलेला धुराचा डबा उघडला. आत गोवरीचे तुकडे नीट भरलेले होते. एकही करपला नव्हता.

शिवमूर्तींची बायको रुद्राणी आखाड्यावर, शेतातल्या खोलीच्या भिंतीला टेकून बसली होती.

"पेटी उघडताना धूर करायचे?"

"धूर केल्याबिगर झाकणाला हात लावत नव्हते. लई चावून घेतलं होतं आधी. एक काटा बसला की तोंड सुजायचं, डोळा मिटायचा. एकदा मेणकिड्यानं दोन पेट्या गेल्या. तरी नाद सोडला न्हाई. यंदा करडई चांगली भरली, तर म्हणले, ही माश्यांची मेहनत."

"कुणाशी वाद?"

"किशनरावांची बायको साखराबाई दिवाळीच्या आधी गेली. वडावरचं आग्यामोहोळ उठलं होतं. आमच्या पेटीतल्या सातेरी, गरीब जात. पण त्यांना पटत न्हाई. हे समजावायला जायचे."

मंजुश्री परत बांधावर गेल्या. वाकून चेहरा पुन्हा पाहिला. मग किशनरावांना आखाड्यावर बोलावलं.

"दस्ती सोडा."

ते हलले नाहीत. हवालदारानं दस्ती सोडली. हात मनगटापर्यंत टम्म फुगला होता. बोटांच्या बेचक्यात दोन काळे काटे अजून रुतलेले होते.

"हे धसकट नाही," मंजुश्री म्हणाल्या. "शिवमूर्तींनी पेटी उघडलीच नव्हती. टोपी खुंटीला, धूर पेटवलेला नाही. मग माश्या खवळल्या कशानं? आणि एका काट्यानं ज्यांचा डोळा मिटायचा, त्यांचं तोंड काट्यांनी भरलंय, तरी सूज कुठंच नाही. मेलेलं अंग सुजत नाही, किशनराव. काटे बसले तेव्हा ते गेलेले होते. आधी डोक्यात दगड बसला. मग तोच दगड डोक्याखाली सरकवला आणि वर पेटी टाकली. पेटी उचलणारा जिवंत होता, म्हणून त्याचा हात सुजला. तुम्ही तर जवळ गेलाच नव्हता."

किशनरावांनी हात मागं घेतला.

"आजबी समजावून राहिला होता," ते म्हणाले. "म्हणे, माझ्या माश्या गरीब हायत. माझी बाई वडाखाली कशी तडफडली ते मी बघितलंय. मला माशी ती माशीच. त्याच्याच माश्यांनी त्याला खाल्लं असं झालं असतं, तर गावानं पेट्या जाळल्या असत्या."

रुद्राणी भिंत धरून उठली.

"साखराबाईला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत हेच पळाले होते, किशनराव."

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि हवालदाराच्या पुढं होऊन जीपकडे चालू लागले.

प्रेत शवविच्छेदनासाठी निलंग्याला न्यावं लागणार होतं. चौघांनी ते उचललं. रुद्राणी त्यांच्यामागं बांधापर्यंत आली. फुटक्या पेटीच्या चौकटीवर माश्या घोस करून बसल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"मॅडम, दिवस मावळायच्या आत माती देता येईल का?"

"शवविच्छेदन झाल्याशिवाय सांगता येत नाही," मंजुश्री म्हणाल्या.