एक मशीन, दोन मालक

तेवीस नंबरचं टोकन माझ्या हातात होतं. तेवीस नंबरचंच टोकन तिच्याही हातात होतं.

दुकानदाराने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. अक्षर त्याचंच, शाईही त्याचीच. आणि मागच्या फळीवर नव्या गेम कन्सोलचा खोका उरलेला एकच. ज्याची मी आठ महिने वाट बघत होतो, तोच. तिने आधी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे बघितलं... आणि खोका विसरलो. दोनच सेकंद, पण विसरलो हे खरं.

दुकानदार म्हणाला, चूक माझी आहे, पण पुढचा माल यायला महिना तरी लागेल, तोवर तुम्हीच आपसात काय ते ठरवा. मी भांडायच्या तयारीत होतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. रविवारी सकाळी फोन बंद ठेवून रांगेत उभं राहायचं, म्हणजे शहरात कोणीतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये माझ्या नावाने बोटं मोडत असणार.

पण ती भांडलीच नाही.

"अर्धा आठवडा तुम्ही, अर्धा मी," ती म्हणाली. "चालेल?"

"आणि दुसरा आला की?"

"हा माझा, तो तुमचा. नव्यातला नवा तुम्हाला. बघा, किती चांगली आहे मी."

तर असं ठरलं. रविवार सकाळ ते बुधवार संध्याकाळ मशीन माझ्याकडे, बुधवार संध्याकाळ ते रविवार सकाळ तिच्याकडे. देवाणघेवाण चष्म्याच्या दुकानात, कारण ती तिथे लोकांचे डोळे तपासायची. पहिली पाळी माझी.

पहिले तीन दिवस... काय सांगू. मशीन हातात घेतलं तर दणकट, बाळसेदार. आल्या आल्या दोन तास अपडेटच खात बसलं. पण एकदा सुरू झालं आणि मी खुर्चीतून उठलोच नाही. गेम तीन सेकंदांत उघडतो. आधी मी तेवढ्या वेळात पाणी पिऊन यायचो, आता तहानलेलाच राहतो. आणि कंट्रोलर – गेममधली गाडी खडीवर गेली की तळहातात खडी लागते. चिखलात गेली की जडपणा. मी आईच्या हातात दिला तर ती दचकली, म्हणाली, हे जिवंत आहे का रे. आमच्या नव्या मशीनवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी हे सगळं दणादण टाकलं. केबल आखूड आहे हेही टाकलं. ताई म्हणाली, परीक्षेत एवढं लिहिलं असतंस तर आज लिफ्टमध्ये बसला असतास, लिफ्टवर नाही.

बुधवारी मशीन पिशवीत घालून गेलो. ती एका आजोबांना लांबच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावत होती. मला बघून तिने नुसत्या भुवईने बसायला सांगितलं. मी बसलो. अशी भुवई असेल तर माणूस उभा राहूच शकत नाही.

रविवारी मी मशीन परत घ्यायला गेलो, तेव्हा तिची मतं तयार होती. तिला निळा दिवा आवडला नव्हता, त्यावर तिने कापडाची पट्टी चिकटवली होती. खडी वगैरे ठीक, ती म्हणाली, पण माणूस चालताना ज्या पानांवर पाय ठेवतो ना, ती पानं हलतात, ते तुम्ही पाहिलंत का? मी नव्हतं पाहिलं. तीन दिवस मी वेगातच होतो. घरी जाऊन पाहिलं. हलतात.

मग हे असंच होत गेलं. ती काहीतरी दाखवायची, मी घरी जाऊन बघायचो. मी काहीतरी सांगायचो, ती नाक मुरडायची. मी म्हटलं, मला प्रत्येक मोटरचा आवाज कळतो. ती म्हणाली, मला प्रत्येक माणसाची नजर कळते. मी लगेच पायातल्या बुटांकडे बघायला लागलो. तिने हसू दाबलं... दाबलं म्हणजे, अर्धंच.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की मशीन तिने वडिलांसाठी घेतलंय. ते बस चालवायचे, वर्षापूर्वी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बस मोजत होते. आता ते गाड्यांच्या शर्यतीत भाग घेतात. शेवटचे येतात, कारण प्रत्येक वळणावर आधी हात दाखवल्यासारखी गाडी हळू करतात. पण जेवताना बोलायला लागलेत, ती म्हणाली. हे सांगताना ती काच पुसत होती, आणि एकच काच फार वेळ पुसत होती.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, दुकानदाराचा फोन आला. दुसरं मशीन आलंय, घेऊन जा.

मी घेऊन आलो. ते टेबलावर ठेवलं, पहिल्याच्या शेजारी. ताई दारात उभी राहून म्हणाली, एक मांजर सांभाळता आलं नाही, आता दोन-दोन पाळ. मी ठरवलं, बुधवारी सांगायचं.

बुधवारी गेलो. तिने मला चहा दिला. मी मिठाची गुळणी धरून बसलो. सांगितलं असतं तर पहिलं मशीन कायमचं तिचं, करार संपला. मग मी रविवारी कोणत्या तोंडाने येणार? मला तर साधा चष्मासुद्धा लागत नाही.

रविवारी पुन्हा पिशवी घेऊन घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आणि मग मी जे केलं, ते फक्त माझ्यासारखा गाढव करू शकतो. दोन्ही मशीन घरात, दोन्ही चालू. एकाचा पंखा जरा कुरकुरत होता. मी कान लावला. मग दुसऱ्याला कान लावला. अरे... फरक होता. मोटरवाल्या माणसाला असा फरक सापडला की त्याच्या पोटात मावत नाही. मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं, नावानिशी. तीनशे लोकांनी वाहवा केली. एकाने विचारलं, दादा, तुम्ही इंजिनिअर का? मी दिवसभर हवेत होतो. डोक्यात फक्त पंख्याचं बेअरिंग होतं. ग्रुपमध्ये जास्वंदीचा फोटो लावलेली, कधीच न बोलणारी एक बाई आहे, ती कोण असेल हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

बुधवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिने भुवई हलवली नाही. फोन उघडला आणि सपाट आवाजात वाचलं:

"पहिल्या लॉटचं आणि दुसऱ्या लॉटचं मशीन शेजारी ठेवून ऐकलं. दुसरं शांत आहे." मग वर बघितलं. "कुठे ठेवलं होतंत शेजारी?"

"टेबलावर," मी म्हणालो. खरं तेच निघालं.

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या सोमवारपासून."

तिने फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"मला फसवलंत, ते मी सोसलं असतं," ती म्हणाली. "पण रविवारी मशीन गेलं की बाबा बुधवारपर्यंत परत त्या खिडकीत बसतात. कॅलेंडरवर बुधवारला गोल करतात. दोन आठवडे त्यांनी उगाच गोल केले."

माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मी फक्त माझा बुधवार मोजला होता.

"का केलंत?"

पळवाटा होत्या. एकही घेतली नाही. "सांगितलं असतं तर इथे यायला कारण उरलं नसतं."

"तोंडाने विचारता येत नव्हतं?"

"अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाशी मी तासभर बोलू शकतो. पण तो कुठे जाणार नसतो... तुम्ही उठून गेला असता."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. दुकानाचे दिवे बंद केले. म्हणाली, बाबांची माफी तुम्हीच मागायची, आत्ता, चला.

रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे. घरी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तारखांसकट. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग मशीनकडे बघून त्यांनी विचारलं, पंखा कुरकुरतो म्हणतोस, लवकर जाईल का? मी म्हटलं, दहा वर्षं काही होत नाही. ते म्हणाले, मग ठीक. पण त्यांनी मला बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ती जिन्यापर्यंत सोडायला आली. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

"आता देवाणघेवाण संपली," ती म्हणाली.

"हो."

"रविवारी ये. पिशवी न घेता."

'या' नाही, 'ये'. "आणि बाबांनी विचारलं, कशाला आलास, तर?"

"ते तुझं तू बघ. फक्त खोटं बोलू नकोस."

ते चार दिवस मी गेम लावला नाही. तीन लिफ्ट दुरुस्त केल्या, दोनदा स्क्रू उलटा फिरवला. रविवारी सकाळी निघालो तर हातांचं काय करायचं तेच कळेना. खिशात घातले, काढले, परत घातले.

दार बाबांनी उघडलं. माझ्या मागे, बाजूला, खाली बघितलं. काही नव्हतं.

"काय आणलंस?"

"काही नाही," मी म्हणालो. "तिला भेटायला आलोय."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, बसमध्ये चढणाऱ्याकडे बघावं तसे. मग बाजूला झाले आणि आत तोंड करून म्हणाले, अगं, तुझ्याकडे आलाय.

ती आली. माझ्या हातांकडे बघितलं. मी दोन्ही पुढे करून दाखवले – रिकामे. तिने त्यातला एक धरला आणि मला आत घेतलं.