कपाळाचा डाग

त्या घरातल्या बैठकीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत गडद लाकडाच्या फळ्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. फळ्यांवर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ साचली होती. एका दुपारी नवरा कामावर गेल्यावर मी पदर खोचून साफसफाईला भिडले.

सासरे आरामखुर्चीतून हुकूम सोडत होते. "आधी कोरड्या फडक्यानं पूस. मग ओलं घे, पण घट्ट पिळून. लाकडाला पाणी सोसत नाही. आणि हात रेषांच्या बाजूनं फिरव, आडवा नको."

खिडकीजवळच्या कोपऱ्यात एका फळीवर तेलकट डाग होता, तळहाताएवढा, माझ्या हनुवटीच्या उंचीवर. साबणाचं पाणी लावलं, तसा केसांच्या तेलाचा वास सुटला.

"तो राहू दे," सासरे म्हणाले. "तुझ्या सासूचं कपाळ आहे ते."

मला कळेना.

"उलट बोलली की तिथं उभी करायचो. कपाळ टेकून. मी 'बस' म्हणेपर्यंत." ते हसले. "तुझा नवरा एवढासा होता, पहारा द्यायचा. आईनं डोकं उचललं की पळत येऊन मला सांगायचा. मोठा इमानी पोरगा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोटं सोलवटेपर्यंत मी तो डाग घासला. अगदी लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी डाग तिथंच होता. ओला.

"बघ," सासरे खूश होऊन म्हणाले. "अजून ऐकते माझं."

मी हात लावला. लाकूड तापलेल्या माणसासारखं ऊन लागलं. आत कुणीतरी श्वास घेत होतं... सावकाश, जपून, आवाज होऊ नये म्हणून.

सासऱ्यांचा डोळा लागल्यावर मी फळीपाशी ओठ नेले. "आई... पुरे झालं आता. बसा."

श्वास थांबला. मग माझ्या पायांशी गुडघे कटकन वाजले. दमलेलं माणूस खाली टेकतं ना, तसे.

मी घाबरून स्वयंपाकघरात पळाले. घोटभर पाणी पिऊन परत आले, तर सासरे कोपऱ्यात उभे. ते चांगले उंच. त्या ठेंगण्या डागाला कपाळ टेकवायचं म्हणून गुडघ्यांत वाकले होते. पाय लटलट कापत होते.

"बाबा?"

"हळू... ती बघतेय..."

मी त्यांना खांद्याला धरून मागे ओढलं. कपाळाची कातडी फळीला चिकटून ताणली गेली. ते किंचाळले.

"तिला विचार ना गं... बसू का मी?"

मी नाही विचारलं. पॉलिशचा डबा उघडला आणि उरलेल्या फळ्या चकचकीत करत राहिले. ते रडत होते, आणि माझा हात रेषांच्या बाजूनं अगदी छान फिरत होता.

संध्याकाळी नवरा आला. त्यानं वडिलांकडे बघितलं. बॅग ठेवली, बूट काढले आणि सरळ जाऊन शेजारच्या फळीला कपाळ टेकवलं.

"अरे, तू कशाला?"

"आईनं हाक मारली ना..." तो लाकडातच पुटपुटला. "तुला नाही ऐकू आली?"

आली होती. पण मला ऐकू आलं होतं, ते माझं नाव होतं.