चादरींमागची भिंत

लाइट येईल तेव्हा येईल. ते मोबाइलचे दिवे आधी बंद करा, एकमेकांच्या डोळ्यांवर मारत बसू नका. आणि धाकटे, तू इकडे माझ्याजवळ सरक. उद्या म्हणशील, मामानं घाबरवलं, आणि तुझी आई दिवसभर माझ्या नावानं ओरडत बसेल.

गोष्ट माझ्या एका दोस्ताची. कुणाकडून ऐकलेली नाही, त्यानंच मला सांगितलेली आहे. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठून झोपायला जावं, मधे बोलायचं नाही.

लॉन्ड्रीवाला होता तो. आम्ही त्याला कडक म्हणायचो. कपड्याला खळ अशी घालायचा की शर्ट अंगात घातल्यावर माणूस आपोआप ताठ चालायला लागे. स्वभावानं मात्र अगदीच मऊ, कुणी जरा आवाज चढवला की याची मान खाली. फक्त कामात तडजोड नाही. पांढरं म्हणजे पांढरं.

जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्री साडेदहाला कडक लॉजवर चादरी पोचवायला निघाला. स्टेशनजवळच्या त्या लॉजचं सगळं काम त्याच्याकडे होतं. रात्रीच्या गाडीनं पाहुणे यायचे, त्याआधी चादरी पोचायला हव्यात, असा मॅनेजरचा दंडक. बायको त्या दिवशी घरी नव्हती, तिची आई हॉस्पिटलात होती म्हणून सोबतीला गेली होती. घरात फक्त सहा वर्षांची पोर, झोपलेली. शेजारच्या काकूंना सांगावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण म्हातारं माणूस, थंडीची रात्र, कशाला उठवायचं? अर्ध्या तासाचं तर काम. त्यानं दुकानाला बाहेरून कुलूप लावलं, गाठोडं स्कूटरला बांधलं आणि निघाला.

आता यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. त्यासाठी आधी ती खोली समजून घ्या.

पुढं दुकान, मागं एक लांबट खोली. त्या खोलीत दोरांच्या चार रांगा, आणि दोरांवर चादरी. थंडीत कपडे वाळत नाहीत म्हणून खाली हीटर चालू. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या ट्रकच्या थांब्याकडे उघडणारी. दिवसरात्र धूर. एकदा एका चादरीवर काजळीचे दोन ठिपके बसले, तर मॅनेजरनं ती चादर पाहुण्यांसमोर याच्या अंगावर फेकली होती. तोंडात मारल्यासारखा घरी आला. आला तो हातोडी घेऊन खिडकीशीच गेला. खिळे मारले, फटींवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या. धुळीचा कण आत येता कामा नये.

धूळ आली नाही, ते खरं. पण चादरींचं पाणी जाणार कुठं? हीटरची वाफ गार भिंतीवर बसायची. भिंत ओली ती ओलीच. आधी कोपऱ्यात काळे डाग आले. मग डागांना डाग मिळाले. कुजकट वास यायला लागला. कडक दर दोन महिन्यांनी वरून चुना मारायचा. भिंत पांढरी दिसली की याच्या जिवाला बरं वाटे.

त्या खोलीत राबायची त्याची अक्का. थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. हिनंच लहानाचा मोठा केला, लग्न केलं नाही, जन्म याच्या संसारात घातला. रात्री हीटरवर लक्ष ठेवायला तिथंच सतरंजी टाकून झोपायची. दोन वर्षांत तिला खोकला लागला, मग दम. गच्चीचा जिना चढली की बोलता येईना.

ती म्हणायची, "अरे, ती खिडकी उघड की जरा. या भिंतीचा वास छातीत बसतो माझ्या."

हा म्हणायचा, "अक्का, चादरी काळ्या झाल्या तर तो काम काढून घेईल. थोडं थांब, उन्हाळ्यात दोर गच्चीवर नेतो."

"दोन उन्हाळे झाले, बाबा."

डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, की भिंतीची बुरशी हिच्या फुप्फुसात जातेय, आधी हिला त्या खोलीतून बाहेर काढा, औषधं नंतर. यानं मान डोलावली. औषधं आणली. खोली तीच ठेवली. वाईट माणूस नव्हता रे तो. चालढकल करणारा होता. पण मरणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?

नोव्हेंबरात एका रात्री हा असाच चादरी द्यायला गेला होता. परत आला तर अक्का खिडकीखाली पडलेली. अंग गार. दहा नखांत कागदाच्या पट्ट्यांचे तुकडे.

...

पाणी दे रे जरा. हां.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी यानं ती खिडकी उखडून फेकली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही. त्यानं नव्या पट्ट्या डकवल्या. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "आता उघडली, तर ती आधीच उघडता आली असती असं होतं ना." असं कधी कधी होतं माणसाचं. चूक कबूल करायला लागू नये म्हणून तीच चूक पुन्हा करतो.

अक्का गेल्यावर रात्रीचं काम बायकोकडे आलं. आई तिथं, म्हणून पोर तिथं. डिसेंबरात पोर खोकायला लागली. बायको रोज म्हणायची, हिला बाहेर झोपवू. दुकानात इस्त्र्या गरम असतात, कुठं झोपवणार, असं हा म्हणायचा. आणि अजून एक हात चुना.

तर त्या शनिवारी ती पोर त्या खोलीत होती. मधलं दार बाहेरून कडी लावलेलं, कारण झोपेत उठून इस्त्रीला हात लावेल. कडकनं सगळी काळजी घेतली होती बरं का. जिची घ्यायला हवी होती ती सोडून.

लॉजवर मॅनेजर जागेवर नव्हता. बसून राहावं लागलं. मग तो आला, एकेक चादर उजेडात धरून बघत बसला. हा हात बांधून उभा. निघाला तेव्हा बारा वाजून गेलेले. पुलापाशी स्कूटर पंक्चर झाली. आसपास चिटपाखरू नाही. ढकलत निघाला. आणि ढकलता ढकलता त्याच्या डोक्यात आलं, की नोव्हेंबरातही हेच झालं होतं. हीच स्कूटर. हाच पूल. तेव्हाही तो मनाशी म्हणत होता, आता पोचतोच.

स्कूटर तिथंच टाकली आणि पळत सुटला.

गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा पोरीचा खोकला ऐकू आला. एवढ्या लांबून. कोरडा, न थांबणारा. तो आणखी जोरात धावला. दुकानाशी पोचला. किल्ली काढली.

आणि तिथंच थांबला.

आत दोन खोकले होते.

एक पोरीचा. दुसरा... खोल. ओढून ओढून काढलेला. शेवटी घशात बारीक शिटी वाजायची. कित्येक महिने रोज रात्री ऐकलेला खोकला होता तो. ओळखायला वेळ लागत नाही.

किल्ली कुलपात जाईना. एकदा गेली, फिरेना. तो दारावर हात मारून पोरीला हाका मारत होता. आतून पोरीचा खोकला मधेच तुटला.

मग दुसराही.

काही नाही. शांत.

कुलूप उघडलं. बटण दाबलं, दिवा लागेना. अंधारात चाचपडत मधल्या दाराशी गेला. कडी होती तशीच. बाहेरून. यानंच लावलेली. कडी काढली, दार ढकललं.

गार वारा आला तोंडावर.

त्या खोलीत वारा कसा येईल?

चादरी हलत होत्या. चारही रांगा. ओल्या, जड. त्यानं पहिली बाजूला केली. पुढं दुसरी. अंधारात ओलं कापड गालाला लागत होतं. तो म्हणाला, "बाळा..." तिसरी. पलीकडं कुणीतरी चादर झटकली. वाळत घालण्याआधी झटकतात ना, दोन्ही टोकं धरून. फट्. एकदाच. अक्का तशीच झटकायची, एकदाच, जोरात.

तो जागीच उभा राहिला.

"अक्का?"

...

काही नाही.

त्यानं शेवटची चादर वर उचलली.

खिडकी उघडी. सताड. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत पडलेला, आणि त्या उजेडात खिडकीखाली पोर बसलेली. आडवी नाही, बसलेली. ताठ, मान थोडी पुढं, दम लागलेल्या माणसाला बसवतात तशी. ओठ निळसर. पण श्वास चालू. घरघरत का होईना, चालू.

त्यानं तिला उचलायला हात घातले, तर तिनं डोळे उघडले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बाबा, हळू. आत्याला आत्ताच झोप लागलीये."

पोर कुजबुजत होती, "मला श्वास येत नव्हता. आत्यानं मला मांडीवर घेतलं. विचारत होती, चादरी वाळल्या का. खिडकी उघडली म्हणून तू रागावशील म्हणाली."

कडक मला हे सांगायचा तेव्हा इथं येऊन थांबायचा. पुढचं एक वाक्य त्याला कधी सरळ बोलता आलं नाही. त्या रिकाम्या खोलीत, त्या अंधाराकडं बघून तो म्हणाला होता, "नाही रागावणार, अक्का." आणि मग रडला. तिच्या मरणावर तो रडला नव्हता. लोकांना वाटायचं, पुरुषमाणूस आहे, घट्ट आहे. घट्ट कसला. रडायला लागलो तर कारण सांगावं लागेल, ही भीती होती त्याला.

पोरीला ब्लँकेटात गुंडाळून शेजारच्या रिक्षानं दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला वेळेवर मोकळ्या हवेत कुणी बसवलं ते नशीब, आडवी राहिली असती तर कठीण होतं. कोण होतं सोबत? कडक पोरीचं ब्लँकेट सारखं करत राहिला. निरोप मिळून धावत आलेल्या बायकोनं त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली.

खिडकीचं विचाराल तर खिळे सगळे उपसलेले होते, चौकटीवर ठेवलेले. लांब खिळे, टोकं वाकवून मारलेले. सहा वर्षांच्या पोरीचं काम नाही ते. माझंही नाही.

ते परत त्या घरात राहिले नाहीत. मेहुण्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, चहूबाजूंनी खिडक्या. लॉजचं काम यानं स्वतःहून सोडलं. पोर सुधारली, हळूहळू. आज कॉलेजात आहे, पर्समध्ये श्वासाचा पंप असतो, पण चांगली धडधाकट आहे. बायकोनं मात्र त्याला वर्षभर माफ केलं नाही, आणि तिचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही.

एप्रिलमध्ये कडक माझ्याकडं आला. म्हणाला, "घर विकायचं तर भिंतीचा गिलावा काढायला हवा. तू चल सोबत. एकटा नाही जाणार मी." दुपारची वेळ होती, म्हणून मीही हो म्हटलं. रात्री बोलावलं असतं तर माझे गुडघे दुखले असते.

खोली रिकामी. दोर काढलेले. तीन महिने कुणी चुना मारला नव्हता, त्यामुळं भिंत जमिनीपासून छतापर्यंत काळी झाली होती. मखमलीसारखी दाट बुरशी. नाकाला रुमाल लावून आम्ही आत गेलो. खिडकीखाली पोचलो आणि दोघंही थांबलो.

खिडकीखाली बुरशी नव्हती. म्हणजे सगळीकडं होती, तेवढ्या जागेत नव्हती. जमिनीपासून वर, बसलेल्या बाईची पाठ. अरुंद खांदे, त्यावर डोकं, मागं अंबाडा. कडेनं काळंभोर, आत स्वच्छ पांढरं. मी बोट फिरवून पाहिलं. कोरडं. सगळी भिंत पाझरत होती आणि तेवढी जागा उन्हात वाळवल्यासारखी कोरडी.

तेवढंच असतं तर मी मनाची समजूत घातली असती. पण तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ, आणखी एक जागा पांढरी होती. पोरीची नव्हे. तिच्यापेक्षा रुंद. वरच्या बाजूला जरा पुढं झुकलेली, मान खाली घालून बसणाऱ्या माणसाची असते तशी.

कडकनं त्या दुसऱ्या जागेवर तळहात ठेवला. मग वळला आणि हळूच खाली बसला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं त्या दुसऱ्या पांढऱ्या जागेला पाठ टेकली. कडेला कुठं बोटभर जागा उरली नाही.

"दोन वर्षं ती इथं रात्री काढायची," तो म्हणाला, "आणि एकदाही मी तिच्याजवळ येऊन बसलो नाही."