ओव्हन बंद केल्यावर

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, दिवा गेला, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात 'आता दिसतंय? आणि आता?' विचारायचं. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना कूस बदलायलाही माणूस लागतो. इथे मला कुणी हाक मारू शकत नव्हतं. मी पिशवी मांडीवर घेऊन खाली बसले आणि थोडं रडूनही घेतलं.

"घाबरू नका. मी लिफ्टवाला," वरून आवाज आला.

"नाही घाबरले. तुमचं सावकाश चालू द्या."

वरची पान्याची खटखट थांबली. इतकी निवांत अडकलेली बाई त्याने पाहिली नसावी.

"पिशवीत खराब होण्यासारखं काही?"

"पोर्क आहे. आणि गाजरं, बटाटे, कांदे. सगळं एका ट्रेमध्ये घालून भाजायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी ओव्हनपर्यंत."

"आणि बाहेर काढल्याबरोबर कापता?"

"मग काय त्याच्याशी गप्पा मारू?"

"त्याच्याशी नको... पण थांबायचं. लगेच कापलं की रस सगळा फळीवर सांडतो, तोंडात चोथा येतो. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाशी गप्पा माराव्यात."

"तसं कुणी नाही."

"मग पंचाईतच आहे," तो म्हणाला — आणि दार सरकलं. कानाला ग्रीस लागलेलं, डोळे हसरे. त्याने आधी पिशवी वर घेतली, मग हात पुढे केला. मी वर आले तरी तो हात जरा उशिराच सुटला.

आमची लिफ्ट जुनी, त्यामुळे दर बुधवारी तपासणी असायची. तपासणी झाली की तो वर आमच्याकडे यायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा आणि कांदे चिरायला घ्यायचा. मी मांसाला मीठ, मिरपूड, लसूण चोळायची. गाजरं मी फार जाड कापते म्हणून तो कुरकुरायचा. "ही गाजरं आहेत की सरपण?" — आणि तरी करपलेल्या कडांचे तुकडे नेमके माझ्या ताटात सरकवायचा. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंही नाही.

पण माझा जीव अडकायचा तो ओव्हन बंद केल्यावर. मांस फळीवर विसावलेलं, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे. कापायचं नाही, वाढायचं नाही, नुसतं बोलायचं. आठवड्यात मी तेवढाच वेळ जगत होते.

त्याच वेळात एकदा त्याने फोनवर रिपोर्ट दाखवला. गावाकडे त्याचा दादा छोटं वर्कशॉप चालवायचा, त्याला दिसेनासं होत चाललं होतं.

"चांगला चष्मा मिळाला तर भागेल ना गं?"

मी रिपोर्ट दोनदा वाचला. मला खोटं बोलता आलं असतं.

"नाही रे. आता हे चष्म्याच्या हातात राहिलेलं नाही."

त्याने मान हलवली. वहिनी, दोन लहान मुलं, म्हातारी आई... कुणाला जावं लागणार हे दोघांनाही कळलं होतं. मी माझ्याच तोंडाने माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

या बुधवारी त्याने कांदे चिरले, पण गाजरांवरून काही बोलला नाही. मी मुद्दाम अगडबंब तुकडे केले, तरी नाही. मी ओव्हन बंद केला, ट्रे बाहेर काढला — आणि त्याने सुरी उचलून सरळ मांस कापायला घेतलं.

"अरे... थांब ना."

"नको. आज थांबलो तर बोलावं लागेल."

रस फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली ठिबकू लागला. पुसायचं दोघांनाही सुचलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"आजच. रात्रीच्या गाडीने."

मी त्याचं मनगट धरलं. मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही. मागायची लाजच वाटते मला.

"जाऊ नकोस. माझं तुझ्यावर प्रेम आहे. मला इथे एकटीला टाकून जाऊ नकोस."

त्याने सुरी ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"माझंही आहे गं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हापासून. पण तू बाबांना सोडून येशील?"

मी त्याचं मनगट सोडलं.

"मग मी दादाला, आईला कसं सोडू?"

आम्ही जेवलो. मांस कोरडंठाक झालं होतं, पण दोघांनीही ताटात काही टाकलं नाही. दाराशी त्याने माझं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं, बराच वेळ... आणि मग तो जिन्याने खाली गेला.

"गेला का?" बाबांनी आतून विचारलं. भिंत पातळ आहे, त्यांना सगळं ऐकू येतं असं मला वाटायचं. पण नसावं. "चांगला मुलगा होता. तू कधी कुणाला थांब म्हणत नाहीस, तिथेच चुकतं तुझं."

"म्हटलं होतं, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी मांस बारीक करायला घेतलं.